व्याह्यांच्या दारातलं पाणी

ब्रेक दाबला की गाडी थरथरते, ही गोष्ट जुमाकादिरने सुरुवातीला बायकोपासून लपवली. वास्तविक ती लपण्यासारखी नव्हती. बायको शेजारच्याच सीटवर बसायची आणि सिग्नल आला की तिच्या मांडीवरच्या पिशवीतली अंडी खडखडायला लागायची. पण नवरा म्हणून माणसाला काही अब्रू असते, आणि गाडी ही त्या अब्रूची चार चाकं.

"हे काय होतंय?" बुरुलने विचारलं.

"रस्ता."

"रस्ता तर आत्ताच नवीन केलाय."

"म्हणूनच," जुमाकादिर म्हणाला आणि आरशात बघू लागला. आरसाही थरथरत होता.

बिश्केकच्या नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. देशातला एकूण एक डोंगर त्याने कागदावर उतरवलेला, पण प्रत्यक्ष डोंगर उतरायचा म्हटला की पाय ब्रेकवर जायचा तो पायथ्याशीच सुटायचा. गाडी जपानी, उजव्या हाताच्या स्टीअरिंगची. तिकडे म्हातारी झाली म्हणून विकलेली आणि इकडे तरुण म्हणून घेतलेली. तरीही तिने आजवर कधी मान खाली घालायला लावली नव्हती.

मानाचा प्रश्न आताच आडवा आला याला कारण होतं. त्याची एकुलती एक मुलगी सेझिम वसंतात लग्न होऊन दोन घाटांपलीकडे तलासच्या खोऱ्यात गेली होती. रीत अशी, की लग्नानंतर बापाने स्वतः जाऊन, मानाने बोलावून आणल्याशिवाय मुलीने माहेराचा उंबरा ओलांडायचा नाही. आजारपण असो, बाजार असो, ती शहरात आली तरी रस्त्याच्या पलीकडूनच परत जाणार. उन्हाळा गेला, शिवारातल्या घेवड्याच्या शेंगा काढून झाल्या, आणि आता घाटात बर्फ पडायच्या आत तिला आणायला हवं होतं. एकदा बर्फ पडलं की बुरुल नवऱ्याला घाटावर सोडणार नव्हती, म्हणजे मुलगी थेट पुढच्या वसंतात.

सेझिमचा फोन यायचा. "मी बरी आहे, सगळे बरे आहेत," एवढंच. मागे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग अगदी शेवटी, हलक्या आवाजात, "गाडी झाली का, बाबा?"

ही पोर लहानपणी बोलायला लागली की तिला गप्प करायला तळलेल्या पिठाची बोरसोकं लाडूसारखी तोंडात कोंबावी लागायची. आता तिच्या तोंडून एक वाक्य ओढून काढायचं म्हणजे विहिरीतून बादली काढण्यासारखं झालं होतं. जुमाकादिरला ते सहन होत नसे. तो फोन ठेवून खाली जायचा आणि गाडीच्या चाकाला लाथ मारायचा.

या लाथेमुळेच गोष्ट चारचौघांत गेली. खालच्या मजल्यावरचे गेनादी पेत्रोविच, निवृत्त ट्रॉलीबस ड्रायव्हर, दिवसभर खिडकीत बसून सोसायटीचं आवार राखायचे. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नसे, तिथे लाथ कुठली सुटायला.

"चाकाला मारू नकोस, जुमाके. चाकाचं बॅलन्स गेलंय ते."

"ब्रेक दाबल्यावरच थरथरते हो, पेत्रोविच. एरवी नाही."

"सोळा नंबरची ट्रॉलीबस मी आयुष्यभर चालवली. बॅलन्सच."

ज्या माणसाने आयुष्यभर वरच्या तारेला बांधलेलं वाहन चालवलं, त्याचा चाकांच्या बॅलन्सवर काय अधिकार, हा प्रश्न जुमाकादिरच्या ओठांवर आला होता. पण पेत्रोविच वयाने मोठे, आणि मोठ्या माणसाला 'तुम्ही चुकताय' म्हणायची जुमाकादिरला सवय नव्हती. हा त्याचा सद्गुण आहे असं लहानपणापासून सगळे म्हणत आले होते. त्याने चारही चाकांचं बॅलन्स करून घेतलं. गाडी आता एरवी लोण्यासारखी पळे आणि ब्रेक दाबला की पूर्वीपेक्षा जास्त थरथरल्यासारखी वाटे, कारण आता तुलना करायला लोणी होतं.

मग सुयून मिस्त्री. सुयूनच्या गॅरेजात जाणाऱ्याने आपली अक्कल दाराबाहेर काढून ठेवायची, असा अलिखित नियम होता. तो गिऱ्हाईकाशी बोलायचा नाही. गाडीशी बोलायचा, आणि गिऱ्हाईकाने ते ऐकायचं.

"काय केलंय गं तुझं या लोकांनी," तो बॉनेटला म्हणाला. "पुढची रबरं संपली तुझी. सगळी."

रबरं बदलली. थरथर तशीच. सुयूनने मग बॉल जॉइंट बदलले. थरथर तशीच. बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने चाक काढलं, आतल्या ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं, आणि पहिल्यांदाच जुमाकादिरकडे बघितलं.

"हे निळे डाग दिसतात? डिस्क तापून लाल झाली असताना हिच्यावर गार पाणी ओतलंय. मुरगळलीय ही. कुठल्या गाढवाने ओतलं?"

"मी असलं कधी करत नाही," जुमाकादिर ताठ होऊन म्हणाला.

"मग गाडीने स्वतः आंघोळ केली असेल." सुयून पुन्हा बॉनेटकडे वळला. रबरांआधी चाक का नाही काढलंत, हे विचारायची जुमाकादिरची छाती झाली नाही.

घरी आल्यावर त्याने हे बुरुलला सांगितलं, ते 'बघ, कसले अडाणी मिस्त्री' या सुरात. बुरुल पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"वाफ," ती म्हणाली.

"कसली वाफ?"

"अहो, लग्नाच्या वेळची. तुम्ही घाटभर ब्रेकवर उभे होतात. गाडीत सेझिमच्या गाद्या, पेट्या, मागे माझी बहीण, ती एकटीच दोन पेट्यांची. दारात पोचलो, व्याह्यांनी किल्ली घेतली आणि नळी घेऊन स्वतः गाडी धुतली. केवढी वाफ निघाली! मी म्हटलं, बाई, काय मान करतायत आपला."

जुमाकादिर खाली बसला.

व्याही कोइचुमान हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त साहेब. पाणी हा त्यांचा खाजगी विषय होता. अंगणातून बर्फाच्या पाण्याचा पाट, त्यावर खात्यातून निवृत्त होताना त्यांच्यासोबत निवृत्त झालेला एक पंप, आणि पंपाला लांबलचक नळी. पूर्वी पाहुणा आला की यजमान पुढे होऊन घोड्याचा लगाम हाती घेई. पाहुण्याने स्वतःच्या घोड्याकडे बघायचं सुद्धा नाही. घोडे गेले, मोटारी आल्या. कोइचुमान किल्ली घेत, आणि पाहुण्याची गाडी स्वहस्ते धूत. खोऱ्यात त्यांची यासाठी ख्याती होती. ख्याती असलेल्या माणसाला कोण काय सांगणार? त्यातून व्याही! मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'तुमच्या पाहुणचाराने माझी गाडी मुरगळली' म्हणणं म्हणजे मुलीच्या ताटात स्वतःच्या हाताने माती कालवणं.

"फोनवर सांगून टाका सरळ," बुरुल म्हणाली.

"तू सांग."

बुरुल पुन्हा पीठ मळू लागली.

नवीन डिस्क घेण्यापेक्षा आधी जुन्याच घासून बघू, असं पेत्रोविचनी सुचवलं. त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला होता, हाही ट्रॉलीबसमधलाच. त्याने डिस्क घासून सपाट केल्या. गाडी इतकी सुरेख थांबू लागली की जुमाकादिर विनाकारण थांबू लागला. पण घासून पातळ झालेली डिस्क लगेच तापते, आणि तापली की पुन्हा वाकते, हे लेथवाल्याने सांगितलं नव्हतं. शहराच्या उतारावरच थरथर परत आली, ती माहेरपणाला आल्यासारखी. जिला खरोखर माहेरी यायचं होतं ती तिकडेच.

त्याच आठवड्यात व्याह्यांचा फोन आला. आवाज खोऱ्याएवढा मोठा.

"काय व्याही, गाडी अजून दवाखान्यातच? तुमच्याच्याने होत नसेल तर सांगा, मी माझी गाडी पाठवतो. त्यात काय एवढं? आपण आता एकच की."

त्यात काय एवढं! लेकीला आणायला बापाकडे धड गाडी नाही, म्हणून सासऱ्याने पोचवली, हे त्या खोऱ्यात नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. बुरुलने भीत भीत शेअर टॅक्सीचं नाव काढलं. "म्हणजे कसं," जुमाकादिर कडाडला, "मुलीचा बाप कुणाच्या तरी घेवड्याच्या पोत्यावरून उतरणार? आणि परत येताना सेझिमला पोत्यावर बसवणार?" बुरुलने विषय सोडला. एरवी न ओरडणारा माणूस ओरडला की तो ओरडा घरात दिवसभर पुरतो.

तो सुट्टी काढून सुट्या भागांच्या बाजारात गेला. तिथे जुने लोखंडी कंटेनर ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात एकेक सर्वज्ञ बसलेला. पहिल्याने त्याला तीन डिस्क दाखवल्या. "ही अस्सल. ही अस्सलसारखी. आणि ही घाटाखाली राहणाऱ्यांसाठी."

"मला घाटावर जायचंय."

"मग ही बघूच नका. गाडीचा नंबर सांगा, चासीवरचा. या गाड्यांत दोन मापं येतात, डोळ्यांनी कळत नाही."

जुमाकादिरने कागदावरचा नंबर वाचून दाखवला. सर्वज्ञाने पुस्तकात बघितलं. "ही गाडी डाव्या स्टीअरिंगची आहे."

"माझी उजव्याची आहे."

"मग ती तुमची नाही."

चासीवर वाकून बघितलं, तर एक आकडा खरोखरच वेगळा. इतकी वर्षं तो कागदोपत्री दुसऱ्याच कुणाची तरी गाडी चालवत होता. दुसऱ्या एखाद्याने डिस्क घेऊन तोंड बंद ठेवलं असतं. पण जुमाकादिर नकाशे काढणारा माणूस, चुकीचा आकडा त्याला झोपू देईना. तो दुरुस्तीसाठी नोंदणी कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कागदावरची ती डाव्या स्टीअरिंगची गाडी कुठे आहे?"

"ती नाहीच आहे."

"कागद तर आहे."

"बाई, टायपिंगची चूक आहे."

"आमच्याकडे चूक होत नाही. तुम्ही एक गाडी विकलीत आणि आम्हाला कळवलं नाही, असं दिसतंय." त्यांनी फाटक बंद करवलं आणि खुलासा होईपर्यंत गाडी कचेरीच्या आवारात ठेवून घेतली. जुमाकादिर बसने घरी आला. न विकलेली गाडी आपण विकली नाही, हे शाबीत करायला त्याला आपल्याच कचेरीतल्या साहेबांचं, त्यांच्या मेहुण्याचं आणि मेहुण्याच्या वर्गमित्राचं वजन खर्ची घालावं लागलं. गाडी सुटली तेव्हा तिच्या टपावर पिवळी पानं साचली होती आणि दक्षिणेकडच्या डोंगरांवर पांढरं खाली सरकत होतं.

डिस्क घेतल्या त्या अस्सल, जाडजूड, सोबत त्यांचेच पॅड. सुयूनने त्या बसवल्या आणि थरथर होती तशीच. त्या दिवशी गॅरेजात जे घडलं त्याबद्दल जुमाकादिर नंतर स्वतःच नवल करायचा. तो ओरडला. चक्क सुयूनवर ओरडला. "खाली गंज आहे की नाही ते बघितलंत का? डिस्क बसते ती जागा घासलीत का?" हे त्याने आदल्या रात्री कुठेतरी वाचलं होतं. सुयूनने डिस्क काढली, गंजाचा थर खरवडला, पुन्हा बसवली, नट हाताने एकसारखे आवळले. गाडी थांबली, आणि आरशातली बिश्केक नगरी जागच्या जागी राहिली.

"बोलता येतं तर तुम्हाला," सुयून म्हणाला. हे तो बहुधा जुमाकादिरलाच म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने सेझिमला फोन केला. डिस्क, पाणी, गंज, सगळं सांगितलं. ती कितीतरी दिवसांनी हसली. "पाण्याचं तिथे बोलू नकोस हं," तो म्हणाला.

"नाही बोलत, बाबा."

निघताना त्याचा बेत पक्का होता. घाट गियरवर उतरायचा, पायथ्याच्या नदीपाशी थांबायचं, चहा प्यायचा, डिस्कना हात लावून बघायचा, आणि गार झाल्यावरच गावात शिरायचं. मग व्याह्यांनी अख्खा पाट ओतला तरी हरकत नाही. बेतात खोट अशी कुठेच नव्हती, एक व्याही सोडले तर.

दोन्ही घाट झाले. नदीपाशी त्याने गाडी उभी केली आणि थर्मास उघडला, तोच रस्त्यावरून पांढरी उंच टोपी हलताना दिसली. मानाच्या पाहुण्याला सामोरं जायचं म्हणून कोइचुमान कुणाच्या तरी ट्रकमधून तिथवर आले होते. गळाभेट झाली, आणि ते सरळ गाडीत जाऊन बसले.

"चला! मांस शिजून वाट बघतंय, आणि तुम्ही इथे दगडांवर बसून चहा पिता? लोक काय म्हणतील?"

"गाडी जरा दम खातेय, व्याही."

"नवीन ब्रेक टाकलेत म्हणे एवढा खर्च करून? दम कसला खाते? दाखवा तरी!"

इथे जुमाकादिरने मोह आवरायला हवा होता. पण कितीतरी महिने ज्या गाडीने त्याला सिग्नलासिग्नलाला खाली पाहायला लावलं, तिचं कौतुक कुणीतरी करू म्हणत होतं, तेही व्याही. उतारावर त्याने गाडी पळवली आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न थरथरता उभी राहिली.

"वा!" कोइचुमान टोपी सावरत म्हणाले. "पुन्हा!"

पुन्हा झालं. मग पुन्हा. गावाच्या कमानीपाशी रस्त्यातली मेंढरं बघून शेवटचं एकदा. दारात पोचले तेव्हा गाडीत करपल्याचा वास पसरला होता, आणि व्याह्यांना तो शेजारच्या चुलीचा वाटला.

दाराशी सेझिम उभी होती, डोक्याला रुमाल, हातात पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची झारी. वाळली होती. बापाला बघून तिने एक पाऊल पुढे टाकलं, सासूकडे बघितलं, आणि ते पाऊल मागे घेतलं.

कोइचुमाननी किल्ली घेतली. पंप सुरू झाला.

जुमाकादिर व्याह्यांच्या मागोमाग गेला. पाहुण्याने जाऊ नये, तरी गेला.

"व्याही, एक विचारायचं होतं. घोडं धावून घामाघूम झालेलं असलं, तर त्याला लगेच पाणी दाखवत नाहीत ना?"

"छे! हे काय विचारणं झालं?" कोइचुमान नळी सोडवत होते. "आधी बांधायचं, निवू द्यायचं. माझ्या चुलतभावाने एकदा तापल्या घोड्याला पाणी पाजलं, बिचाऱ्याचे पाय गेले जन्माचे. अहो, काही माणसांना जनावराची कळकळच नसते!"

"म्हणजे... तापलेलं असताना गार पाणी..."

"मूर्ख माणसाचं काम!" कोइचुमान कळकळीने म्हणाले, आणि नळीचं तोंड चाकाकडे वळवलं.

अजून वेळ होती. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. सुयूनसारख्या सुयूनवर तो ओरडला होता. त्याने तोंड उघडलं आणि सेझिमकडे नजर गेली. तिला सगळं माहीत होतं. तिने मान हलवली, इतकी थोडी की सासूला दिसू नये. आज आपण बोलू आणि उद्या निघून जाऊ, पण माहेरपण आटोपून ही इथे परत येईल. मग दर पाहुण्यामागे, दर जेवणाला, 'हिचा बाप आम्हाला पाहुणचार शिकवून गेला' हे वाक्य हिलाच वाढलं जाईल. जुमाकादिरने तोंड मिटलं.

चर्र झालं. चाकातून पांढऱ्या वाफेचा लोट उठला.

"बघा, केवढी धूळ बसली होती!" कोइचुमान खूष होऊन म्हणाले, आणि दुसऱ्या चाकाकडे वळले.

आत मांस खरोखरच उत्तम झालं होतं. जुमाकादिरला मानाचं हाड मिळालं. त्याने ते मुकाट्याने चोखलं, आणि विचारल्यावर तीनदा सांगितलं की असं मांस शहरात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक निघाले. पहिला घाट चढून, पठार ओलांडून, दुसऱ्या घाटाचा शहराकडचा मोठा उतार लागला. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग हातात थडथडू लागलं. मागच्या सीटवर सासरहून दिलेल्या भेटींतलं काहीतरी किणकिणायला लागलं. सेझिमने रुमाल सोडून मांडीवर ठेवला होता.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तूच तर मान हलवलीस."

"हो. पण तुम्ही बोलायला हवं होतं."

जुमाकादिरने पुढचं वळण घेतलं. "तुला तिथे परत जायचंय, बाळा," तो शेवटी म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बर्फ रस्त्याच्या कडेपर्यंत आलं होतं. "मी पण तिथे बोलत नाही," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही. सगळे म्हणतात, किती गुणी मुलगी. बापावर गेलीय."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण उतार तीव्र झाला, ब्रेक दाबावाच लागला, आणि गाडी इतकी थरथरली की त्याच्या हनुवटीचं थरथरणं वेगळं कळून आलं नाही. या वेळी त्याने रस्त्याला दोष दिला नाही.

आवारात पेत्रोविच खिडकीत होते. बुरुल जिना उतरून धावत आली, मुलीला कवटाळलं, रडली, डोळे पुसले आणि मग एका दमात दोघांनाही विचारलं, नवऱ्याला, की ब्रेक कसे लागतायत, आणि मुलीला, की सासरी सगळं कसं आहे.

"छान," दोघंही एकदम म्हणाली.